कुस्कोत व्हॉलंटियरिंग करायचंय? पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

पेरूमधलं कुस्को हे एकेकाळी इंका साम्राज्याच्या राजधानीचं शहर. माचू पिच्चूला जाणारे बहुतेक पर्यटक इथूनच पुढे जातात. ‘दोन आठवडे मुलांना शिकवा आणि वीकेंडला माचू पिच्चू पाहा’ अशी पॅकेजेस याच शहरासाठी सर्रास विकली जातात. रीलमध्ये ती फार छान दिसतात.

सेवेचे पैसे आपणच का भरायचे?

राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं-आणणं याचा खर्च असतो, त्यामुळे फी घेणं यात गैर काही नाही. मात्र त्यातले किती पैसे मधल्या एजन्सीकडे राहतात आणि किती कुस्कोतल्या संस्थेला मिळतात, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं जात असेल, तर ती एजन्सी सोडलेली बरी.

दुसरा मुद्दा भाषेचा. कुस्कोत स्पॅनिश आणि केचुआ बोलतात. मराठी-हिंदीचा गंध नसलेला परदेशी तरुण पंधरा दिवस आपल्या गावची अंगणवाडी चालवायला आला, तर आपण काय म्हणू? तेच तिथेही लागू होतं. आधी स्पॅनिश शिका. कुस्कोत त्याचे भरपूर क्लासेस आहेत. फिजिओथेरपी, हिशेब, वेबसाइट असं एखादं कौशल्य हाताशी असेल तर उपयोग जास्त होतो.

अनाथाश्रम नकोच

जगभरात अनाथाश्रमांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मुलं तिथे पोहोचतात. पैसे देणारे पाहुणे येत राहिले, की मुलं तिथेच ठेवण्यात चालकांचा फायदा होतो. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येणार, जीव लावणार आणि निघून जाणार. लहान मुलांना हे सोसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 मध्ये आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात हा विषय घेतला. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अशा व्हॉलंटियरिंगमुळे मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकतं, असा इशारा आहे.

एक सोपी कसोटी: पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट न मागता कोणी तुम्हाला थेट मुलांमध्ये सोडत असेल, तर ते इतरांनाही तसंच सोडतात.

शहरात काय पाहाल?

कुस्को सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळपास लेहइतकं. पहिले दोन दिवस धावपळ नको. बरेच जण विमानतळावरून थेट खालच्या सेक्रेड व्हॅलीत मुक्कामाला जातात, ते शहाणपणाचं. माचू पिच्चू तर 2,430 मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा खालीच आहे.

शहरात प्लाझा द आर्मास हा मुख्य चौक. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं एक चित्र आहे. त्यात ताटात चक्क भाजलेला गिनीपिग दिसतो! हातुन रुमियोक गल्लीतल्या भिंतीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. कोरिकांचा या इंका सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी मठ बांधला. 1950 च्या भूकंपात मठाचं मोठं नुकसान झालं, खालच्या इंका भिंती मात्र टिकल्या. शहराच्या वरच्या अंगाला साक्सायवामानच्या अजस्र दगडी तटबंद्या आहेत. 24 जूनला तिथे इंती रायमी हा सूर्योत्सव रंगतो.

मे ते सप्टेंबर हवा कोरडी असते. माचू पिच्चूची तिकिटं मर्यादित आणि ठरावीक वेळेची असतात, म्हणून आधीच काढा.

निघताना

टुरिस्ट म्हणून जाऊन व्हॉलंटियरिंग चालेल का, हे एजन्सीला नाही, दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाला विचारा. यलो फीव्हरची लस जाण्याआधी किमान 10 दिवस घ्या. पेरूहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात क्वारंटाइन करू शकतात. आणि उंचीच्या त्रासावर तिथे सगळीकडे मिळणारा कोका पानांचा चहा तिथेच प्या. पेरूत तो कायदेशीर आहे, पण त्याची पाकिटं बॅगेत घालून भारतात आणणं हा अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो.