उडालेले दप्तर

बल्ब उडतो, फ्यूज उडतो, कपड्याचा रंग उडतो आणि काळजीने माणसाची झोप उडते. या जुन्या, घरोघरच्या ‘उडण्या’च्या पंक्तीला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘विंडोज उडाली’, ‘हार्ड डिस्क उडाली’ ही वाक्ये येऊन बसली. आणि ज्या भाषेने ‘संगणक’ हा नेटका शब्द घडवून ग्रंथांत व सरकारी परिपत्रकांत रूढ केला, तिनेच त्या यंत्राच्या अपमृत्यूसाठी शब्द घेतला तो वायरमनच्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडचा. यात नवल काहीच नाही. घरगुती संगणकाची चिकित्सा करणारा जो कारागीर आपल्या शहरांतून उदयास आला, त्याची वंशावळ अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीच्या टेबलांशी अधिक जवळून जोडलेली आहे, आणि म्हणून त्याच्या कसबाचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरूनच करावा लागतो.

१९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा ग्रँट रोड स्थानकाजवळचा रस्ता आज कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ज्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षे चालला, ते याच रस्त्यावर होते. या रस्त्यावरच्या चिंचोळ्या दुकानांतून आधी रेडिओचे व्हॉल्व्ह, कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मर विकले गेले, मग ट्रान्झिस्टर आणि टीव्हीचे भाग आले, आणि नोव्हेंबर १९८४ च्या केंद्र सरकारच्या संगणक-धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केल्यावर, विशेषतः १९९१ नंतर, त्याच फळ्यांवर मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क येऊन विराजमान झाल्या. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीने हेच स्थित्यंतर पाहिले. कंपनीचा तयार संगणक ज्याला परवडत नसे, तो मध्यमवर्गीय गृहस्थ एखाद्या ओळखीच्या तरुणाला गाठून सुटे भाग आणवी आणि ‘असेंबल्ड’ यंत्र घरी जोडून घेई. आणि ज्याने जोडले त्यानेच पुढे त्याचे दुखणेखुपणे पाहावे, हा अलिखित करार आपोआप होत असल्यामुळे त्या तरुणाला घरात जवळजवळ फॅमिली डॉक्टरचे स्थान प्राप्त होई. तो आला की आधी चहा, आणि मग ज्या पेटीला घरातील सगळे ‘सीपीयू’ म्हणत, तिचे चार स्क्रू.

या वैद्याची परीक्षा प्रथम कानाने होत असे. यंत्र चालू करताच ते आपली अंतर्गत तपासणी करते आणि पडदा उजळण्यापूर्वीच काही विपरीत आढळले तर शिट्ट्यांच्या भाषेत फिर्याद मांडते. एक छोटी शिट्टी म्हणजे सर्व आलबेल, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर डिस्प्ले कार्डाचा दोष, आणि न थांबणारी शिट्टी म्हणजे बहुधा रॅमची तक्रार. मग तो रॅमची पट्टी अलगद उपसून तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी पोराचे खोडरबर फिरवी, भुकटी फुंकून टाकी, पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवी, आणि दहांतले कित्येक रुग्ण एवढ्यावरच उठून बसत. हा उपाय पोरकट वाटतो. परंतु आपल्या दमट हवेत धातूच्या संपर्कस्थानी जो अदृश्य मळ साचतो त्यावर तो खरोखरच रास्त आहे, आणि टीव्हीचा ट्यूनर साफ करणाऱ्या पिढीकडून तो या पिढीला सहज मिळाला. नाकाचेही काम असे: जळक्या वासाचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग, उघडण्याआधीच ओळखू येई. आणि जेथे कान, नाक, डोळे थकत, तेथे पिशवीतला चांगला भाग लावून पाहावयाचा, यंत्र उठले तर काढलेला भाग दोषी. हा न्याय ढोबळ खरा, पण निर्णय अचूक देणारा होता.

बिघाडांमध्ये सर्वांत फसवा बिघाड मदरबोर्डवरच्या बॅटरीचा. १९८४ साली आयबीएमने आपल्या ‘पीसी एटी’ या संगणकात घड्याळ आणि यंत्राची मांडणी लक्षात ठेवणारी एक लहानशी स्मृती बॅटरीवर जागती ठेवण्याची योजना केली आणि पुढे सर्वांनीच ती उचलली. ‘३८६’ प्रोसेसरच्या काळात ही बॅटरी संपली की यंत्राला आपलीच हार्ड डिस्क ओळखता येत नसे, तिचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, हे आकडे हाताने भरावे लागत, आणि म्हणून शहाणा कारागीर ते आकडे पेटीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवी. त्या बॅटऱ्या बोर्डाला डाखलेल्या, ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियमच्या असत. आज माळ्यावरून असे यंत्र खाली काढणाऱ्याने वीज जोडण्याआधी पेटी उघडून ती बॅटरी पाहावी, कारण वर्षानुवर्षे पाझरलेला तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा हिरव्यागार करून खाऊन टाकतो. त्यावर व्हिनेगारचा बोळा फिरवून अल्कोहोलने धुवावे, हाच उतारा. पुढच्या काळात तीन व्होल्टचा बटन-सेल आला, तो सहसा पाझरत नाही, नुसता मरतो. मेला की घड्याळ अनेक यंत्रांत १ जानेवारी १९८० वर परत जाते, कारण डॉसच्या तारखेचा शकारंभच तो आहे आणि त्याआधीची तारीख फाइलीला घालण्याची सोयच नाही.

परंतु ‘उडणे’ या शब्दाचा खरा धसका होता तो मजकुराच्या बाबतीत, आणि येथे यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पेशवे दप्तरात जसे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात आणि कोणता कागद कोणत्या रुमालात हे यादीवाचून कळत नाही, तद्वत हार्ड डिस्कवरचा मजकूर जागा मिळेल तेथे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो, आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता तुकडा याची नोंद एका कोष्टकात असते, ज्याला कारागीर ‘फॅट’ म्हणत. हे कोष्टक इतके मोलाचे की त्याच्या दोन प्रती डिस्कवर ठेवण्याची तजवीज मूळ योजनेतच होती. वीज अवचित गेली, लिहिता लिहिता नोंद अर्धवट राहिली, की कोणाचेच नसलेले तुकडे उरत. ‘स्कॅनडिस्क’ ते गोळा करून ओळीने क्रमांक घातलेल्या फाइलींत बांधून ठेवी, आणि त्या उघडून पाहिल्या तर कधी कधी हरवलेल्या पत्राचा मधलाच परिच्छेद हाती लागे. फाइल पुसली तरी मजकूर पुसला जात नसे. नावाचे पहिले अक्षर तेवढे खोडले जाई आणि जागा मोकळी झाल्याची नोंद होई. १९९१ च्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीतली ‘अनडिलीट’ ही आज्ञा म्हणूनच फाइल परत देण्याआधी माणसाला विचारी, की हिचे पहिले अक्षर कोणते होते? हा प्रश्न मला फार हृद्य वाटतो. मोडी कागदाचा कोपरा फाटलेला असताना संशोधक वाचणाऱ्या सहकाऱ्याला हेच विचारीत असतो.

या विद्येची सर्वांत मोठी कसोटी लागली ती सोमवार, २६ एप्रिल १९९९ रोजी. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने रचलेला, त्याच्या आद्याक्षरांवरून ‘सीआयएच’ आणि १९८६ च्या अणुभट्टीच्या दुर्घटनेची तीच तारीख असल्यामुळे ‘चेर्नोबिल’ म्हटला गेलेला विषाणू त्या दिवशी जागा झाला आणि विंडोज ९५ व ९८ वर चालणाऱ्या असंख्य यंत्रांच्या डिस्कचा आरंभीचा एक मेगाबाइट भाग त्याने कचऱ्याने भरून टाकला. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तान यांना त्याची झळ विशेष बसली. ज्यांच्या डिस्कवर जुन्या पद्धतीचे, सोळा बिटांचे कोष्टक होते त्यांच्या दोन्ही प्रती त्या एका मेगाबाइटात येत असल्यामुळे त्याच्या तावडीत सापडल्या. ज्यांच्या मोठ्या डिस्कवर बत्तीस बिटांचे लांबलचक कोष्टक होते, त्यांची पहिली प्रत गेली तरी दुसरी प्रत त्या मर्यादेपलीकडे सुखरूप राहिली, आणि जाणत्या कारागिरांनी तिच्या आधारे जवळजवळ सगळे दप्तर पुन्हा उभे केले. काही बोर्डांची बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीची, चिपही या विषाणूने पुसली होती. त्यावरचा इलाज धाडसाचा होता: तसल्याच दुसऱ्या बोर्डावर यंत्र चालू करावयाचे, ते चालू असतानाच त्याची चांगली चिप चिमट्याने उपसावयाची, तेथे मेलेली चिप बसवावयाची आणि तिच्यावर नव्याने आज्ञावली लिहावयाची. ते धैर्य पुस्तकातून येत नाही.

असे असता या धंद्यातील सर्वांत मोठे नुकसान विषाणूने केले नाही, घाईने केले, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ हे वाक्य तासाभरात मोकळे होऊ पाहणाऱ्याच्या तोंडी बसले होते. आणि त्या काळच्या फॉरमॅटने केवळ यादी नवी होत असली, मजकूर जागेवरच राहत असला, तरी लगेच त्यावर नवी प्रणाली लिहिली गेली की खालचे अक्षर कायमचे गाडले जाई. चांगल्या कारागिराने यावर तोड काढली ती डिस्कचे दोन भाग करण्याची: ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये घरचे सर्व काही, म्हणजे ‘सी’ कितीदाही उडाली तरी घरचा दस्तऐवज अबाधित. ही शिस्त उत्तमच; पण घरातील वडीलधारी माणसे आपले लेखन जेथे डोळ्यांसमोर दिसेल तेथे, म्हणजे डेस्कटॉपवर, ठेवीत, आणि तो होता ‘सी’मध्येच. म्हणून जो पेटी उघडण्याआधी ‘यात ठेवायचे काय आहे?’ असे विचारी, तो खरा वैद्य.

शतक पालटताना फुगलेल्या माथ्याच्या कपॅसिटरांची एक साथ जगभर आली, तिचे कारण त्यांतील सदोष द्रव हे होते. आपल्याकडे तिच्या जोडीला भारनियमन, अर्थिंग नसलेले वाडे आणि पावसाळा होताच. त्यांचा विस्तार येथे नको.

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, निवृत्तीनंतर १९९८ साली ४.३ जीबीच्या डिस्कचा असा एक जोडलेला संगणक घेतला आणि त्यावर आपल्या नोकरीच्या दिवसांच्या आठवणी लिहावयास घेतल्या. प्रत्येक दसऱ्याला त्या पेटीवर झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान पडे. पुढे ते यंत्र बंद पडले, दादा गेले, आणि पेटी माळ्यावर गेली. अलीकडे ती खाली काढली तेव्हा आमच्या जुन्याच कारागिराने, आता त्याच्याही कानांवरचे केस पांढरे झालेले, ती चालू करूच दिली नाही. “आधी दादांचं लिहिलेलं काढून घेऊ, मशीनचं मग बघू,” असे म्हणून त्याने डिस्क सोडवली, आपल्या संगणकाला जोडली आणि तिची सेक्टरन् सेक्टर नक्कल करावयास लावली. डिस्क दोनदा अडखळली, खरखरली, आणि पुढे गेली.

नक्कल उघडली तो पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरे, बिंदू आणि चलनचिन्हे यांची खिचडी. त्याने ती ओळखली. पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी युनिकोड घरोघर पोहोचण्याआधी जे मराठी फाँट दिले, त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत. तोच फाँट पुन्हा घातल्यावाचून मजकूर वाचता येत नाही. तो त्याच्या जुन्या सीडींत होता. फाँट बसला आणि दादांचे पहिले वाक्य उमटले. युनिकोडात ते नेताना प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन उभी राहिली, कारण जुन्या फाँटात ती जशी दिसते तशीच आधी टंकावी लागे. त्या आम्ही एकेक करून मागे नेल्या.

मग तारखा पाहिल्या. २००३ पर्यंतच्या फाइलींवर योग्य तारखा होत्या. पुढच्या सर्वांवर १ जानेवारी १९८०. सेल मेला होता, दादा रोज रात्री भिंतीवरचे बटन बंद करीत, आणि रोज यंत्र आपल्या शकारंभापासून, मध्यरात्री बारापासून, मोजू लागे. त्यामुळे दिवस कळत नाही. पण दादा एकदाच, उठताना, फाइल साठवीत, म्हणून तिची वेळ म्हणजे त्या दिवशी ते किती वेळ बसले त्याची नोंद. कारागिराने यादी नावांप्रमाणे न लावता डिस्कवर नोंद झालेल्या क्रमाने लावली. आरंभी दोन तास दहा मिनिटे, एक तास पंचावन्न, दोन तास; मग सव्वा तास, चाळीस मिनिटे, चाळीस, पंचवीस. शेवटची फाइल बारा वाजून नऊ मिनिटांची होती.