थांबण्याचा इतिहास : अभिजात स्पोर्ट्स कारच्या हायड्रॉलिक ब्रेकची दुरुस्ती आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

मोटारीच्या इतिहासलेखनात वेगाला जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे थांबण्याच्या क्रियेला मिळालेले नाही. इंजिनाची अश्वशक्ती, शर्यतीतील विजय, गाडीच्या बाह्यरूपाचे सौंदर्य यांची नोंद विपुल प्रमाणात आढळते. ब्रेकची नोंद मात्र बहुधा एखाद्या तांत्रिक तक्त्यातील एका ओळीपुरती मर्यादित राहते. वास्तविक चालकाला वेग वापरता येतो तो त्यावर नियंत्रण ठेवता येते म्हणूनच. प्रस्तुत निबंधात विसाव्या शतकातील हायड्रॉलिक ब्रेकच्या विकासाचा थोडक्यात मागोवा घेऊन, जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची दुरुस्ती व त्यातील हवा काढण्याची पद्धत यांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. जुनी मोटार जतन करताना तिचा मूळपणा आणि माणसाचा जीव यांची सांगड कशी घालावी, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

ब्रेकचा विकास : तारेपासून द्रवापर्यंत

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक दांड्या व तारा यांच्या साहाय्याने चालत. चारही चाकांवर सारखा ताण ठेवणे अवघड असल्याने गाडी एका बाजूला ओढली जाई. द्रवाच्या वापराने हा दोष दूर झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा सिद्धांत येथे व्यवहारात आला. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी या तत्त्वावर ब्रेकची रचना केली. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत ती चारही चाकांसाठी वापरली गेली. आरंभीच्या रचनेतील चामड्याच्या वाट्यांमधून द्रव झिरपत असे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्याऐवजी रबरी वाट्या वापरल्या आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीमुळे ही पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत पोचली. फोर्ड कंपनीने मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत यांत्रिक ब्रेक सोडले नाहीत. उत्तम तंत्र उपलब्ध असूनही त्याचा स्वीकार सर्वत्र एकाच वेळी होत नाही, याचे हे उदाहरण होय.

घर्षणाच्या साहित्याचा इतिहासही तेवढाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्याच्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्यांचे ब्रेक अपुरे पडताना पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी नव्या साहित्याचे प्रयोग केले व १८९७ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांची फिरवाफिरव करून तयार झाले. पुढे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसचा वापर रूढ झाला. उष्णता सोसण्याचा त्याचा गुण निर्विवाद होता. परंतु त्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली केरशॉ यांचा १९२४ मध्ये मृत्यू झाला आणि त्यांच्या आजाराची नोंद त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम झाले. तरीही ब्रेकच्या लायनरमधून हा पदार्थ हद्दपार होण्यास विसावे शतक संपावे लागले.

डिस्क ब्रेक आणि शर्यतीचे मैदान

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून बाहेर दाबले जातात. सतत ब्रेक लावल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावतो व शूपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर थंड होते, आणि तापून जाड झाली तरी ती पॅडच्या दिशेनेच सरकते. ही कल्पना नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. त्या काळचे साहित्य मात्र तिला साथ देणारे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डनलॉप आणि जॅग्वार या कंपन्यांनी ही कल्पना शर्यतीच्या गाडीत आणली. जॅग्वारचे चाचणी अभियंता नॉर्मन ड्यूइस यांनी तिच्या चाचण्यांचे मोठे काम केले. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकच्या सी-टाइप जॅग्वारमधून रीम्स येथील शर्यत जिंकली. १९५३ च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांच्या सी-टाइपने विजय मिळविला आणि त्या शर्यतीच्या इतिहासात प्रथमच सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. वळणाजवळ उशिरा ब्रेक लावता येणे, हे या यशाचे एक प्रमुख कारण होते.

त्याच मैदानावर ११ जून १९५५ रोजी झालेल्या अपघातात ८० हून अधिक प्रेक्षक आणि मर्सिडीजचे चालक पियेर लेव्हेग मृत्युमुखी पडले. पिटकडे वळण्यासाठी वेग कमी करणारी जॅग्वार डिस्क ब्रेकची होती; मागून येणारी मर्सिडीज ड्रम ब्रेक आणि वाऱ्याला अडविणारी झडप यांवर विसंबून होती. अपघाताचे कारण एकट्या ब्रेकवर टाकता येत नाही. अरुंद रस्ता आणि पिटची असुरक्षित रचना यांचा वाटा मोठा होता. तथापि एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या क्षमतेने थांबणारी वाहने एकत्र आल्यास काय होऊ शकते, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

फेरारीने डिस्कचा स्वीकार बऱ्याच विलंबाने केला. पीटर कॉलिन्स यांनी आपल्या खाजगी फेरारीला डनलॉपच्या डिस्क बसवून घेतल्या होत्या. ऑगस्ट १९५८ मध्ये शर्यतीतील अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यानंतर त्याच डिस्क माइक हॉथॉर्न यांच्या शर्यतीच्या गाडीला लावण्यात आल्या. सर्वसामान्य ग्राहकाच्या गाडीत मात्र हे तंत्र त्यापूर्वीच उतरू लागले होते. १९५५ ची सीत्रोएन डीएस, १९५६ ची ट्रायम्फ टीआर३, १९५७ ची जॅग्वार एक्सके१५० आणि १९६२ पासून ॲबिंग्डन येथे तयार झालेली एमजीबी ही त्याची उदाहरणे. १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. पुढे डिस्क व मागे ड्रम ही तिची रचना आज जगभरातील हौशी दुरुस्तीकारांच्या परिचयाची आहे.

दुरुस्तीची पद्धत : एक ऐतिहासिक साधन

ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर सिद्धांत कोलमडतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता हवेचे बुडबुडे आकुंचित करण्यात खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. इंग्रजीत ही हवा काढण्याच्या क्रियेला रक्तस्राव करविण्याच्या वैद्यकीय क्रियेचेच नाव आहे. आपल्याकडील गॅरेजमध्ये तिला सरळ ‘हवा काढणे’ म्हणतात, आणि क्रियेचा हेतू सांगण्यास हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे.

पारंपरिक पद्धतीत दोन माणसे लागतात. एक आसनावर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळ निपल सांभाळतो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइल असलेल्या काचेच्या बरणीत बुडवून ठेवतात. पेडल दाबले की निपल सैल करायचा; पेडल तळाशी पोचले की वर सुटण्यापूर्वी तो आवळायचा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हा क्रम चालतो. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात. मध्येच टाकीतील ऑइल संपले तर पुन्हा हवा शिरते आणि सर्व श्रम वाया जातात. मागील ड्रमचे शू आधी योग्य अंतरावर लावून घेतले नाहीत, तर हवा नसतानाही पेडल खोल जाते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

जुन्या गाडीत आणखी काही सूक्ष्म धोके असतात. ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि पोलादी नळ्या व सिलिंडर आतून गंजतात. डॉट ४ या प्रतीच्या कोरड्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सियस, तर ओलावा शोषल्यावर तो १५५ अंश मानला जातो. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये हा फरक निर्णायक ठरतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे पेडल एकदम तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरमधील रबरी वाटी नेहमीच्या मार्गापलीकडील गंजलेल्या भागावर घासून फाटते. म्हणजेच दुरुस्तीची क्रियाच नवा बिघाड निर्माण करते. जुना रबरी होज आतून फुगला तर ऑइल चाकाकडे जाते, पण परत येत नाही. पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो. बाहेरून होज निर्दोष दिसत असल्याने हा दोष अनुभवाविना लक्षात येत नाही. खनिज तेलाचा थोडासा अंशही रबर फुगवितो. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडविणे तर कटाक्षाने टाळले पाहिजे, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

कंपनीच्या पुस्तिकेत यांपैकी काहीच बाबी सापडतात. पुस्तिका नव्या गाडीसाठी लिहिलेली असते. साठ वर्षे जुन्या गाडीचे ज्ञान कारागिराच्या हातात व बोलण्यात असते. इतिहासकाराच्या दृष्टीने हे मौखिक साधन आहे आणि कारागिरांची पिढी मावळताच ते नष्ट होणारे आहे.

मूळपणा की सुरक्षितता?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद वाहनांचे जतन आणि जबाबदार वापर या दोन्हींचा पुरस्कार करते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. त्यासाठी चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीतील निर्णय बऱ्याच अंशी मालकाच्या विवेकावर सोपविला जातो. मुंबईच्या कुर्ला येथे तयार झालेली ड्रम ब्रेकची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तिच्या जतनकर्त्यांपुढेही हाच प्रश्न आहे.

या संदर्भात एक भेद करणे आवश्यक वाटते. लायनर, रबरी वाट्या, होज आणि ऑइल हे घटक झिजण्यासाठीच निर्माण झालेले आहेत. ते मूळ स्वरूपात राखण्याचा आग्रह इतिहासाला धरून नाही, कारण गाडी नवी असतानाही ते वेळोवेळी बदललेच जात होते. ड्रम, कॅलिपर, सिलिंडरची मांडणी हे मात्र रचनेचे पुरावे आहेत. ते शक्यतो राखावेत. एकाच मार्गाच्या ब्रेकमध्ये कोठेही गळती झाली तर चारही चाकांचा दाब जातो. अमेरिकेत १९६८ पासून दुहेरी मार्ग बंधनकारक झाला तो याच कारणाने. रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीत असा बदल करावयाचा असल्यास तो पूर्ववत करता येईल असा असावा, त्याची लेखी नोंद असावी आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत मात्र मूळपणाचा कोणताही युक्तिवाद मान्य करता येणार नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ब्रेकचा विकास सरळ रेषेत झाला नाही. साहित्य, व्यापारी निर्णय आणि मानवी हानी यांनी त्याची गती ठरविली. दुसरी, दुरुस्तीची पद्धत ही स्वतःच इतिहासाचे साधन आहे. तिसरी, ब्रेकपुरते पाहता जतन करावयाची वस्तू धातूइतकीच ती हाताळण्याची रीतही आहे. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या जुन्या गॅरेजमधील कारागिरांच्या मुलाखती नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास तंत्रज्ञानाच्या इतिहासाला एक दुर्लक्षित दालन लाभेल. संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक लागतात की नाही हे कोणी विचारत नाही. ती रस्त्यावर आली की समोरून जाणाऱ्या पादचाऱ्याचा जीव त्या ज्ञानावर अवलंबून असतो.