शेवटचे लाल पाकीट

२९ सप्टेंबर २०२३ या दिवशी अमेरिकेत नेटफ्लिक्सने आपली शेवटची डीव्हीडी टपालात टाकली. पंचवीस वर्षे लाल पाकिटांतून चित्रपट घरोघर जात होते. कंपनीच्याच हिशेबाने त्या काळात ५२० कोटींहून अधिक तबकड्या रवाना झाल्या. अखेरच्या ग्राहकांना सांगण्यात आले, की हातात असलेली तबकडी परत पाठवली नाही तरी चालेल, ठेवून घ्या.

ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या गावातल्या व्हिडिओ लायब्ररीची वही आठवली. लांबट, लाल कापडी पाठीची. तिच्यात सभासदाचे नाव, अनामत, नेलेली कॅसेट, परतीची तारीख आणि दंड असे रकाने होते. शेवटचा रकाना ‘मागणी’ असा होता. हवा असलेला चित्रपट तिथे लिहून यायचा. मालक शहरात गेले की जमल्यास घेऊन येत. तो रकाना का सांगते आहे, ते पुढे येईल.

वर्गणी हा शब्द आपल्याला दोन ठिकाणांहून ठाऊक असतो: गणपती आणि वाचनालय. वाचनालयाच्या वर्गणीत एक साधा करार असतो. पैसे आधी द्यायचे, मग महिन्याला चार पुस्तके वाचा की एकही वाचू नका. पैसे देऊन चित्रपट पाहण्याच्या आजच्या सेवांचा पाया नेमका हाच आहे. पण हा करार चित्रपटाला लागू करण्याची कल्पना पहिल्या दिवशी कुणालाच सुचली नव्हती.

नेटफ्लिक्सची स्थापना ऑगस्ट १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात मार्क रँडॉल्फ आणि रीड हेस्टिंग्ज यांनी केली. ‘अपोलो १३’ची कॅसेट परत करायला उशीर झाला, हेस्टिंग्ज यांना ४० डॉलर दंड बसला आणि त्या चिडीतून कंपनी जन्मली, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. रँडॉल्फ यांनी पुढे आपल्या पुस्तकात ती सोयीची कथा असल्याचे म्हटले. खरी गोष्ट कमी नाट्यमय आणि जास्त रंजक आहे. व्हीएचएस कॅसेट जड, टपालाने पाठवायला महाग. डीव्हीडी नुकतीच अमेरिकेच्या बाजारात आली होती. ती पातळ आणि हलकी. टपालात ती फुटते का, हे पाहण्यासाठी दोघांनी गाण्यांची एक सीडी पाकिटात घालून हेस्टिंग्ज यांच्या घरी पाठवली. ती शाबूत पोचली. सगळा धंदा त्या एका पाकिटावर उभा राहिला.

१४ एप्रिल १९९८ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे नऊशेच्या आसपास चित्रपट होते. प्रत्येक तबकडीचे वेगळे भाडे आणि ठरलेली परतीची तारीख होती. म्हणजे दुकान नवे, वही जुनीच. १९९९ मध्ये मासिक वर्गणी आली आणि लवकरच परतीची तारीख व दंड दोन्ही गेले. तबकडी हवी तितके दिवस ठेवा. ती परत आली की तुमच्या यादीतली पुढची निघेल. उशीर करणाऱ्याला शिक्षा कोणती, तर पुढचा चित्रपट मिळत नाही, एवढीच. त्या काळातल्या ब्लॉकबस्टर या बलाढ्य दुकानसाखळीच्या उत्पन्नात दंडाचा वाटा मोठा होता. २००० साली नेटफ्लिक्सच्या मंडळींनी डॅलसला जाऊन आपली कंपनी ५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव ब्लॉकबस्टरपुढे ठेवला. तो नाकारला गेला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्लॉकबस्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘तुम्हाला हेही आवडेल’ या शिफारशींचे मूळही त्या टपालयुगातले आहे. नव्या चित्रपटाच्या तबकड्या मोजक्याच असायच्या आणि सगळ्यांना तोच हवा असायचा. मागणी जुन्या, कपाटात पडून राहिलेल्या चित्रपटांकडे वळवली तर सगळ्यांचेच भागणार होते. त्यासाठी ग्राहकांनी दिलेल्या तारकांवरून त्यांची आवड ओळखणारी यंत्रणा बनवली गेली. २००६ मध्ये कंपनीने तिच्यात १० टक्के सुधारणा करणाऱ्यास १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि २००९ मध्ये ते दिलेही. पण विजेत्यांची संपूर्ण पद्धत कधी वापरात आली नाही, कारण तोवर तबकडीचा काळच सरत चालला होता. शिवाय या स्पर्धेसाठी नावे काढून खुली केलेली माहिती दुसऱ्या संकेतस्थळावरच्या अभिप्रायांशी ताडून काही माणसे ओळखता येतात, हे दोन संशोधकांनी दाखवून दिले. दुसरी स्पर्धा रद्द झाली. आपण काय पाहतो, यावरून आपण कोण हे कळते, ही जाणीव तेव्हाची.

जानेवारी २००७ मध्ये इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवणे सुरू झाले. सुरुवातीला हजारेक चित्रपट, तेही फक्त संगणकावर, आणि वर्गणीच्या रकमेनुसार महिन्याचे तास ठरलेले. यामागची यंत्रणा समजायला अवघड नाही. एकाच चित्रपटाच्या कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रती बनवतात आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे करतात. तुमच्या घरातले जोडणीचे पाणी जसे कमीजास्त होईल, तसा पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला घ्यायचा ते तुमचे यंत्र ठरवते. म्हणून पावसाळी रात्री चित्र धूसर होते, पण थांबत नाही. २०१२ पासून कंपनीने इंटरनेट पुरवठादारांच्या जागेतच चित्रपटांनी भरलेल्या पेट्या ठेवायला सुरुवात केली. मागणी कमी असलेल्या वेळी त्या भरून घेतल्या जातात. म्हणजे चित्रपट ढगात वगैरे नसतो. तो बहुधा तुमच्याच शहरातल्या एखाद्या वातानुकूलित खोलीत असतो.

इतक्या सोयीत एक गोष्ट मात्र हातची गेली, आणि ती तंत्राने नव्हे, कायद्याने. अमेरिकेत विकत घेतलेली तबकडी भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. वस्तू तुमची झाली की ती पुढे द्यायचा हक्क तुमचा. त्यामुळे टपालसेवेचा संग्रह वाढत वाढत एक लाखाच्या घरात गेला असे सांगितले जाई. थेट प्रक्षेपणात वस्तूच नाही, म्हणून तो हक्कही नाही. प्रत्येक चित्रपटासाठी करार, त्याला मुदत, प्रत्येक देशासाठी वेगळी किंमत. स्टार्झ या वाहिनीशी २००८ मध्ये झालेला करार फेब्रुवारी २०१२ मध्ये संपला आणि पुष्कळ चित्रपट एका दिवसात दिसेनासे झाले. दुसऱ्याच्या मालावर दुकान चालवण्यातला हा धोका ओळखून कंपनी स्वतः निर्मितीत उतरली. १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराही भाग एकदम आले. दर आठवड्याला एक भाग ही दूरचित्रवाणीची शिस्त तिथे मोडली. वाचनालय प्रकाशक झाले. पण कपाट लहान झाले ते झालेच.

२०११ मधल्या एका घटनेची आठवण फारशी कुणी काढत नाही. मला ती या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सवर दावा लावला. थेट दिसणाऱ्या बहुतेक चित्रपटांना संवादांची अक्षरे नव्हती. आम्हीही वर्गणीदार आहोत, मग आम्ही काय पाहायचे, असा त्यांचा सवाल होता. अपंगांच्या हक्कांचा कायदा प्रत्यक्ष जागेला लागू होतो, संकेतस्थळाला नाही, असा बचाव झाला. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या न्यायालयाने तो मानला नाही. त्याच वर्षी समेट झाला आणि २०१४ पर्यंत सर्व चित्रपटांना अक्षरे देण्याचे कंपनीने मान्य केले. आज पडद्याच्या तळाशी दिसणारी ती पट्टी आपण सोय म्हणून गृहीत धरतो. ऐकू न येणाऱ्या माणसांनी ती भांडून मिळवली आहे.

६ जानेवारी २०१६ रोजी एकाच दिवशी १३० देशांत सेवा उघडली गेली, त्यांत भारत होता. महिन्याला ५००, ६५० आणि ८०० रुपये असे दर होते. केबलवाल्याला दोनअडीचशे रुपये देणाऱ्या घरांना ते परवडणारे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि डिसेंबरात अ‍ॅमेझॉनची सेवा वर्षाला ४९९ रुपयांत सुरू झाली. जुलै २०१८ मध्ये विक्रम चंद्र यांच्या इंग्रजी कादंबरीवरची ‘सेक्रेड गेम्स’ आली. नवाजुद्दीन सिद्दिकीचा गायतोंडे आणि जितेंद्र जोशीचा काटेकर यांच्या तोंडची मुंबई एकाच वेळी जगभर पोचली. २०१९ मध्ये फक्त मोबाइलपुरती १९९ रुपयांची वर्गणी निघाली, २०२० मध्ये हिंदीतून सेवा वापरण्याची सोय झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलचा दर १४९ वर आला. कंपनीला हा देश समजायला सहा वर्षे लागली, असे या आकड्यांवरून म्हणता येईल.

वर्गणीचा जुना करारही बदलत गेला. पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम, असे २०१७ मध्ये कंपनीच गमतीने म्हणत होती. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत दोन लाख वर्गणीदार घटले, आणि २०२३ मध्ये एका घराबाहेर पासवर्ड चालणार नाही असा नियम आला. भारतात तो जुलैपासून लागू झाला. काही देशांत जाहिराती दाखवणारी स्वस्त वर्गणी निघाली. २०२४ अखेर वर्गणीदार तीस कोटींवर गेले होते. दंड गेला, तारीख गेली, तरी घरातली माणसे मोजायला मालक पुन्हा दारात उभा राहिला.

यात मराठीचे काय झाले? लाभ झाला, हे आधी मान्य करायला हवे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या एका मराठी मुलाची गोष्ट कोलकात्यात, कोचीत, लिस्बनमध्ये त्याच दिवशी पाहता येऊ लागली. बडोदे, इंदूर, हैदराबाद इथल्या मराठी घरांना पूर्वी मराठी चित्रपटासाठी एखाद्या मंडळाच्या वार्षिक खेळाची वाट पाहावी लागे. ती वाट सरली.

पण माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिला फार कमी ऐकू येते. मागच्या दिवाळीत मी तिला दुसऱ्याच एका सेवेवर मराठी चित्रपट लावून दिला. पट्टी होती, फक्त इंग्रजीत. आई रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण इंग्रजी ओळ लावून होईस्तोवर पडद्यावरचा माणूस बोलून उठून गेलेला असे. शेवटी मी शेजारी बसून ती इंग्रजी ओळ वाचायची आणि तिच्या कानाशी मराठीत मोठ्याने सांगायची, असा प्रकार सुरू झाला. मराठी वाक्य इंग्रजीत जाऊन पुन्हा मराठीत येत होते आणि येताना दर वेळी थोडे गरीब होऊन येत होते.

मराठीला मराठी अक्षरे, ही काही अशक्य मागणी नाही. ज्या भाषेत संवाद त्याच भाषेत पट्टी ही कल्पना ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये स्पॅनिश चित्रपट पाहताना सुचली, आणि पुढे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत त्यांनी तिच्यावर काम केले. दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली गाण्याचे शब्द उमटू लागले ते त्यातून. हेतू असा, की जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाचे वाचन गाणे ऐकता ऐकता टिकावे. म्हणजे हा प्रयोग आपल्याच देशात, आपल्याच भाषांत झालेला आहे. चित्रपटाचे संवाद तर चित्रीकरणाआधीच कुणीतरी मराठीत लिहिलेले असतात. ती पाने कुठल्यातरी फायलीत पडून असतात.

मग अक्षरे का नाहीत? मला वाटते, पट्टी ही परक्यासाठी असते असे आपण ठरवून टाकले आहे. ज्याला भाषा येत नाही त्याची सोय झाली. ज्याला भाषा येते पण आवाज पोचत नाही, तो हिशेबात धरलेलाच नाही. जगभर जायच्या घाईत घरातले माणूस राहून गेले. अमेरिकेतही ते आपोआप झाले नव्हते, वर्गणीदारांना न्यायालयात जावे लागले होते, हे म्हणूनच आठवणीत ठेवायला हवे.

आमच्या लायब्ररीच्या मालकांकडे दोनतीनशे कॅसेट असतील. पण ‘मागणी’चा रकाना ते सभासदासमोर वाचत आणि जमणार नसेल तर तोंडावर सांगत. नव्या सेवांतही मागणी नोंदवायची सोय कुठे कुठे असते; फक्त ती वही कोण वाचते, ते आपल्याला दिसत नाही. तरी त्या रात्री आई झोपल्यावर मी मागणी नोंदवली. चित्रपटाचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले : मराठी, मराठी अक्षरांत.