हवेच्या स्प्रिंगा आणि गळतीचा माग

मोटारीचा भार पोलादी स्प्रिंगेऐवजी दाबलेली हवा भरलेल्या रबरी फुग्यावर पेलण्याचे प्रयोग अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३०च्या दशकात केले. पुढे ही रचना प्रवासी बसमध्ये रुळली आणि १९५७ मध्ये कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोहॅम या १३,०७४ डॉलर किमतीच्या आलिशान मोटारीत आली. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवतो, तेथून ती नळ्यांवाटे ‘बेलो’ म्हणजे रबरी फुग्यांत जाते, आणि चाकाच्या दांड्याला जोडलेली लेव्हलिंग व्हॉल्व्ह नावाची झडप ओझे वाढले की हवा आत सोडून व कमी झाले की बाहेर काढून गाडीची उंची कायम राखते. १९५८ मध्ये जनरल मोटर्सने हीच सोय शेवरोलेसारख्या सर्वसामान्यांच्या गाड्यांनाही जादा पैसे घेऊन देऊ केली, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली.

पोलादी स्प्रिंग तुटली की डोळ्यांना दिसते. हवेची सूक्ष्म गळती मात्र चालत्या गाडीत कॉम्प्रेसर भरून काढतो, त्यामुळे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खाली बसलेली आढळेपर्यंत दोषाचा पत्ता लागत नाही. एकच कोपरा खचला असेल तर त्या चाकाचा बेलो किंवा त्याचा सांधा, आणि एक झडप दोन चाके सांभाळत असेल तेथे दोन्ही खचल्यास ती झडप, असा तर्क करून संशयित जागी साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडे कोठे येतात ते पाहायचे, ही पद्धत त्या काळापासूनची आहे. हवेबरोबर आत शिरलेली आर्द्रता थंडीत गोठून नळ्या व झडपा अडवी, आणि मग गळती नसतानाही गाडी वाकडी उभी राही. अनेक मालकांनी कंटाळून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. अमेरिकी कारखान्यांनीही काही वर्षांतच ही सोय गुंडाळली, आणि हा निर्णय कल्पनेपेक्षा तिच्या देखभालीचा पराभव होता असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

जर्मनीत मर्सिडीझने १९६१च्या ३०० एसईपासून ही रचना चिकाटीने टिकवली. १९८४च्या लिंकन मार्क सेव्हनमध्ये उंची मोजणारे सेन्सर आणि संगणक आले, तेव्हा दोषशोधाचा काही भाग यंत्राकडे गेला. त्यातून एक नवाच घोटाळा संभवू लागला: जॅकवर उचललेल्या गाडीची चाके खाली लोंबतात, संगणक ती गाडी फार उंच झाली असे समजून हवा सोडून देऊ शकतो, म्हणून डिकीतील स्विच आधी बंद करावा लागे.

संगणकाने नोंदवलेल्या दोषाचा अर्थही जपून लावावा लागतो, कारण बारीक गळती भरून काढण्यासाठी अखंड धावणारा कॉम्प्रेसर अखेर जळतो, नोंद होते ती कॉम्प्रेसरची, आणि गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. त्यामुळे जाणकार कारागीर आजही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर संध्याकाळी टेपने मोजून ठेवतो, गाडी रात्रभर हलवत नाही, आणि सकाळी चारही आकडे पुन्हा घेतल्यावरच कोणता सुटा भाग मागवायचा ते ठरवतो.