कोयनेचा भूकंप आणि विजेची साखळी

पनवेलच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि सभोवती शेतांतून, खाडीकाठाने मुंबईकडे निघालेले उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे दिसतात. मुंबईला जलविद्युत मिळू लागली ती १९१५ मध्ये, खोपोलीच्या केंद्रातून. त्यानंतर भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रे आली, आणि १९६० नंतर सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळीला तयार होणारी कोयनेची वीज आली. एवढ्या मोठ्या शहराला जगवणारी वीज अशी शंभर-दोनशे किलोमीटर तारांवरून चालत येते. ही वाट कुठेही तुटू शकते.

पनवेलचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत एका वेगळ्याच कारणाने येते. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, पोळीवर पोळी ठेवावी तसे आहेत. कोकणात मात्र एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात हे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकलेले आढळतात. या वाकणाला भूशास्त्रज्ञ ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात; आपण त्याला ‘पनवेलचा बाक’ म्हणू. पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, संगमेश्वरकडचे तुरळ अशी गरम पाण्याची कुंडेही किनाऱ्याला समांतर अशाच पट्ट्यात येतात. म्हणजे आपल्या पायाखालचा कातळ आपल्याला वाटतो तेवढा एकसंध नाही. वीज आणि कातळ या दोन गोष्टी एकमेकींना कशा भिडल्या, आणि त्यातून साऱ्या जगाला काय शिकायला मिळाले, याची ही हकीकत आहे.

पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर ६.३ च्या आसपास होती. कोयनानगर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे कोसळली. पावणेदोनशेहून अधिक माणसे मरण पावली, दोन हजारांवर जखमी झाली. मुंबई, पुणे, गोवा येथेही झोपलेली माणसे जागी झाली. पोफळीची जनित्रे थांबली आणि मुंबईच्या कारखान्यांकडे जाणारी कोयनेची वीज तुटली. भूकंप दोनशे किलोमीटरवर झाला होता, तरी त्याचा फटका विजेच्या तारांवरून थेट मुंबईच्या यंत्रांपर्यंत पोचला.

त्याहून गंभीर बातमी धरणाची होती. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे आणि त्यामागे त्या वेळी भरपूर पाणी होते. या धरणाच्या सांडव्याबाहेरील उंच भागांना तडे गेले होते. तडे पायाशी नव्हते, अगदी माथ्याशीही नव्हते. तळापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथे भिंतीचा खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तेथे ते होते. धरण टिकले, पाणी अडून राहिले. पण खाली कराडपर्यंतच्या नदीकाठावर त्या पहाटे काय ओढवले असते, याची कल्पना पाहणीला आलेल्या प्रत्येक अभियंत्याला आली.

असा भूकंप येथे होईल असे फारसे कोणाला वाटले नव्हते. दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीवरील स्थिर भाग, अशी समजूत होती. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचे बल वजनाच्या ५ टक्के धरले होते. तरीही सूचना अजिबात नव्हत्या असे म्हणता येणार नाही. १९६२ पासून जलाशय भरू लागला, तसे परिसरात लहान धक्के बसू लागले आणि जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तेथे भूकंपमापक बसवले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर तीनच महिन्यांनी मोठा भूकंप आला.

एक कागद जगभर फिरतो

धरणाच्या भिंतीच्या आत तपासणीसाठी ठेवलेल्या गॅलरीत एक अमेरिकी बनावटीचा त्वरणलेखक होता. हे यंत्र एरवी निद्रिस्त असते. जमीन जोरात हलली की ते आपोआप सुरू होते आणि छायाचित्रणाच्या कागदावर हालचालीचा आलेख काढते. त्या पहाटे ते वेळेवर जागे झाले. आलेखाने सांगितले की धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्क्यांपर्यंत, तर नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्क्यांपर्यंत पोचले होते. मोठ्या भूकंपाच्या इतक्या जवळ, तेही प्रत्यक्ष धरणात, मिळालेली अशी नोंद तोवर जगात दुर्मीळ होती.

हा कागद कपाटात पडून राहिला असता, तर कोयनेचा भूकंप एक दुःखद आठवण म्हणून संपला असता. तसे झाले नाही. रुडकी विद्यापीठात १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीची संस्था उभी होती. तिचे प्रमुख जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आलेखाचे विश्लेषण केले आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेतील भूकंपशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून कॅलिफोर्नियातील बर्कले येथे गेलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी तोच आलेख संगणकात घालून विचारले, की या धरणाला असे झोके दिले तर ते कोठे तुटेल? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सर्वाधिक ताण उतार बदलण्याच्या जागीच आला. प्रत्यक्ष तडेही तेथेच होते.

जुन्या गणितात चूक कोठे होती? वजनाच्या ५ टक्के बल सगळ्या भिंतीवर सारखेच लागेल, भिंत ताठ उभी राहील, असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एवढी मोठी भिंतसुद्धा लवचीक असते. गणिताप्रमाणे कोयनेची भिंत सेकंदाला सुमारे तीन झोके घेते, आणि तिच्या तळापेक्षा माथा कितीतरी जास्त हलतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. तीस सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी उभी धरून तळ मागेपुढे हलवा. वरचे टोक हाताच्या हालचालीपेक्षा जास्त झुलते. आता जाड पुठ्ठ्याची अशी पट्टी कापा, की खालचा भाग रुंद आणि वरचा एकदम अरुंद असेल. ती हलवत राहिले की रुंदी जिथे बदलते तिथेच पुठ्ठा दुमडतो. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्यावा, मग प्रयोग करावा.

धरणाची दुरुस्तीही या समजुतीवर आधारली. आधी तड्यांत इपॉक्सी भरली, ताणलेल्या पोलादी केबलींनी भिंत आवळली आणि पुढे १९७० च्या दशकात उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सांडव्याचा भाग नंतर मजबूत करण्यात आला. दरम्यान देशाचा भूकंपविभागांचा नकाशाही १९७० मध्ये बदलला आणि कोयना परिसर थेट चौथ्या विभागात गेला. जय कृष्ण पुढे आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेचे अध्यक्ष झाले आणि या संघटनेची सहावी जागतिक परिषद १९७७ मध्ये दिल्लीत भरली. धरणे तपासण्याची नवी संगणकीय पद्धत कोणी तयार केली, तर ती पारखण्यासाठी जगात कोठेही कोयनेचे उदाहरण सोडवून पाहण्याचा प्रघात आजही आहे.

चार देश, चार जलाशय

दुसरा प्रश्न भूकंपाच्या कारणाचा होता. जलाशयामुळे भूकंप झाला का? एका धरणावरून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. अमेरिकेत हूव्हर धरणाचा मीड जलाशय भरल्यावर १९३० च्या दशकात धक्के नोंदवले गेले होते. चीनमधील शिनफेंगजियांग धरणाजवळ मार्च १९६२ मध्ये ६ च्या वरचा भूकंप होऊन त्याही धरणाच्या वरच्या भागाला तडा गेला होता. आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ मध्ये, ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ मध्ये असेच घडले. ही सारी धरणे वीजनिर्मितीची होती. स्ट्रासबर्गचे भूकंपशास्त्रज्ञ जे. पी. रोथे यांनी १९६८ मध्येच या घटना एका माळेत ओवल्या. १९७० मध्ये युनेस्कोने मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांसाठी अभ्यासगट नेमला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी अशा भूकंपांची समान लक्षणे शोधली. धक्के जलाशय भरल्यावर सुरू होतात, पाण्याच्या पातळीबरोबर कमीजास्त होतात आणि मुख्य भूकंपानंतर फार हळूहळू ओसरतात.

याचा अर्थ पाण्याच्या वजनाने जमीन फुटते असा नव्हे. खडकात आधीपासून ताण साठलेला असतो. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला की भेगेच्या दोन बाजूंमधील घर्षण कमी होते आणि अडलेला खडक सरकतो. डेन्व्हर येथे खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडल्यावर १९६० च्या दशकात भूकंप झाले, त्यावरूनही या विचाराला बळ मिळाले. आता नवे मोठे धरण बांधताना आधीपासूनच भूकंपमापक बसवतात, आणि या सावधगिरीत कोयनेचा मोठा वाटा आहे.

साखळीची कमकुवत कडी

धरण मजबूत केले, आता वीजपुरवठा सुरक्षित झाला, असे म्हणता येईल का? पुढच्या भूकंपांनी याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. फेब्रुवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो भूकंपात सिल्मार येथील नवे विद्युत केंद्र उद्ध्वस्त झाले. उच्चदाबाची उपकरणे चिनीमातीच्या उंच खांबांवर उभी असतात. ही चिनीमाती वीज अडवण्यात उत्तम, पण वाकत नाही, एकदम तुटते. पुन्हा माथा जड आणि खांब सडपातळ. म्हणजे आपल्या पट्टीचाच प्रयोग! त्यानंतर अशी उपकरणे कंपन देणाऱ्या मंचावर तपासून घेण्याचे नियम तयार झाले.

जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात लाखो घरांची वीज गेली. ती आठवड्याभरात परत आली, पण गॅसच्या फुटलेल्या नळ्या दुरुस्त व्हायला महिने लागले. शिवाय वीज परत आल्यावर पडलेल्या घरांतील उलटलेली शेगडी, तुटलेली वायर यांमुळे नव्याने आगी लागल्या. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात उपकेंद्रांतील रोहित्रे जागेवरून सरकली आणि साध्या बांधणीच्या नियंत्रण इमारती पडल्या. देशोदेशीच्या अभियंत्यांनी तेथे येऊन पाहणी केली. जुलै २००७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी-कारिवा अणुवीज केंद्रात अणुभट्ट्या सुरक्षितपणे बंद झाल्या, पण बाहेरच्या रोहित्राला आग लागली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाहणी पथके पाठवली आणि २००८ मध्ये भूकंप-सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. भूकंप दर वेळी साखळीतील सर्वांत दुबळी कडी शोधून काढतो. ती कडी कोठे आहे हे दुसऱ्या देशाच्या अनुभवातून आधीच कळले, तर आपल्याला तेवढी किंमत मोजावी लागत नाही.

पुन्हा आपल्या पायाखाली

कोयना अजून शांत झालेली नाही. १९६७ नंतर तेथे ५ च्या वरचे अनेक धक्के बसले आहेत, आणि सारे सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा छोट्या पट्ट्यात. म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांना ती नैसर्गिक प्रयोगशाळा वाटते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय छिद्रण कार्यक्रमाच्या सहकार्याने येथे खोल विवर खोदण्याबद्दल विचारविनिमय झाला. २०१७ मध्ये गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि त्याखाली ग्रॅनाइट लागला. कराडजवळ हजारमाचीला या कामासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पनवेलच्या विद्यार्थ्यांना हे शास्त्र परके वाटू नये. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी देशाची संस्था, भारतीय भूचुंबकत्व संस्था, नवीन पनवेललाच आहे.

२००२ च्या नकाशात मुंबई-पनवेल परिसर तिसऱ्या विभागात आहे. कोयनेइतका धोका येथे मानलेला नाही, पण येथून जाणाऱ्या तारांवर आणि गॅसच्या नळांवर लाखो घरे अवलंबून आहेत. मोठ्या उपकेंद्रांची काळजी अभियंते घेतील. साखळीची शेवटची कडी मात्र शाळेत आणि घरातच असते. आपल्या शाळेचा मुख्य स्विच कोठे आहे, हे किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? प्रयोगशाळेतील गॅसची टाकी भिंतीला साखळीने बांधली आहे का? इन्व्हर्टरची बॅटरी, पुस्तकांचे उंच कपाट हलले तर कोणाच्या अंगावर येईल? कोबेत दुसऱ्या आगी लागल्या त्या ही साधी उत्तरे वेळेवर न सुचल्यामुळे. येत्या ११ डिसेंबरला प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटे यासाठी काढावीत, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन शाळेची एक फेरी मारावी आणि सापडलेल्या दुबळ्या कड्यांची यादी त्यांनाच फळ्यावर लिहू द्यावी.