मुलांना कोणी विचारलं?

मुलांच्या ताब्यावरून ॲनी बेझंट यांना दोनदा कोर्टाची पायरी चढावी लागली. पहिल्यांदा त्या आई होत्या. नवऱ्यापासून वेगळं होताना १८७३ साली झालेल्या करारानुसार मुलगी मेबल त्यांच्याकडे होती. १८७८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने तिला वडिलांकडे दिलं. आईचा नास्तिकपणा आणि तिने छापलेलं संततिनियमनाचं पुस्तक, एवढी कारणं पुरली.

दुसऱ्यांदा त्या पालक होत्या. मद्रासच्या नारायणय्यांनी १९१० मध्ये कृष्णमूर्ती आणि नित्यानंद या मुलांचं पालकत्व त्यांना लिहून दिलं. पुढे त्यांचं मन फिरलं आणि १९१२ मध्ये त्यांनी दावा लावला. मद्रास हायकोर्टाने मुलं परत द्यायला सांगितलं. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. वडील दिलेली संमती मागे घेऊ शकतात, हे मान्य करूनही. दाव्याचा मार्ग चुकला होता आणि इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या त्या मुलांची बाजू कोर्टापुढे आलीच नव्हती.

१८९० चा पालक आणि पाल्य कायदा तेव्हा लागू होता, आजही आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाचं हित पाहायचं आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात ‘घेता येईल’. घ्यावीच लागेल, असं नाही.

नंतरचे बदल मुख्यतः आईवडिलांमधल्या मापाचे. १९५६ च्या हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, पण नैसर्गिक पालक आधी वडील, ‘त्यांच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ म्हणजे फक्त मृत्यूनंतर नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सांगितलं. २०१५ मध्ये विधी आयोगाने संयुक्त ताब्याची शिफारस केली. ती चांगलीच आहे. पण शनिवार-रविवार नीट वाटून घेतले, म्हणजे मुलाला विचारलं असं होत नाही.

१९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलतातही. मात्र दोन वकिलांच्या भांडणात मुलाचा स्वतःचा वकील सहसा नसतो. ‘आई हवी की बाबा?’ असं मुलाला विचारणं हा छळच. त्याची शाळा, मित्र, आजी, भीती हे सगळं कोर्टापुढे मांडणारं स्वतंत्र माणूस नेमणं वेगळं. ती नेमणूक सक्तीची व्हायला हवी. मुलांची बाजू ऐकलीच नाही, ही १९१४ मध्ये दिसलेली उणीव कायद्यातल्या ‘घेता येईल’मध्ये अजून शिल्लक आहे.