गोरे मजूर हवेत! (फ्रेझर मिल्स, १९०९)

कोमागाता मारू जहाजाचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. १९१४ साली ३७६ प्रवासी घेऊन ते व्हँकुव्हरला पोचलं. बहुतेक सगळे पंजाबी. दोन महिने त्यांना बंदरात अडकवून ठेवलं आणि मोजके वीसेक जण सोडून बाकीच्यांना परत पाठवलं. त्या जहाजाबद्दल वाचता वाचता मला एक लाकडाची गिरणी भेटली आणि त्या गिरणीतून एक फ्रेंच बोलणारं गाव. आज त्या गावाबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण 'बाहेरचे येतात आणि आमच्या नोकऱ्या खातात' या वाक्यावर ज्यांनी कधी वाद घातलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

सुरुवात कॅनडाच्या पूर्वेकडून, क्वेबेकमधून करू.

१८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडची नाकेबंदी केली. जहाजांसाठी बाल्टिक समुद्राकडून येणारं लाकूड मिळणं अवघड झालं, तेव्हा इंग्रजांची नजर कॅनडाच्या जंगलांकडे वळली. तिथून पुढचं शतकभर क्वेबेक आणि ओटावा नदीचं खोरं लाकडावर जगलं. तिथला फ्रेंच शेतकरी उन्हाळ्यात शेत करायचा. थंडीत शेत बर्फाखाली गेलं की घरातले पुरुष जंगलातल्या तळांवर निघायचे. महिनोन्‌महिने लाकडाच्या खोपटात राहायचं, घेवडा, वाटाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस खायचं, झाडं पाडायची, ओंडके घोड्यांनी ओढत गोठलेल्या नदीपर्यंत आणायचे. वसंतात बर्फ फुटलं की तेच ओंडके पाण्याबरोबर खाली सोडायचे. वाहत्या ओंडक्यांवर उभं राहून लांब काठीने ते वळवत न्यायचे. पाय घसरला की माणूस गेला.

एवढं करूनही पोट भरत नव्हतं. कुटुंबं मोठी, घरात आठ-दहा मुलं ही साधी गोष्ट. नदीकाठच्या आधीच अरुंद असलेल्या शेतपट्ट्या, त्यात वाटण्या किती करणार? १८४० ते १९३० या काळात साधारण ९ लाख फ्रेंच कॅनेडियन सीमा ओलांडून अमेरिकेत गेले. कोणी मेनच्या जंगलात, कोणी मिशिगन-विस्कॉन्सिनच्या लाकूडतळांवर, तर कितीतरी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांमध्ये.

तिथे त्यांचं स्वागत कसं झालं? १८८१ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कामगार खात्याच्या सरकारी अहवालात त्यांना चक्क 'पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी' म्हटलं गेलं. म्हणजे काय, तर हे लोक स्वस्तात राबतात, मुलांना शाळेऐवजी कामाला लावतात, आपली भाषा आणि आपला धर्म सोडत नाहीत आणि पैसे साठवून गावी पळतात. 'चिनी' ही तेव्हा शिवी होती. ही शिवी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबियात जाऊ. तिथली झाडं म्हणजे पूर्वेकडच्या लाकूडतोड्याने स्वप्नात पाहावीत अशी: डग्लस फर आणि लाल सीडर. एकेका बुंध्याला कवेत घ्यायला तीन-चार माणसं लागावीत. व्हँकुव्हरजवळ फ्रेझर नदीच्या काठी १८८९ मध्ये एक सॉ मिल उभी राहिली. पुढे मालक बदलले, गिरणी वाढली आणि फ्रेझर मिल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०८ पर्यंत तिच्याभोवती छोटं गावच वसलं होतं. वीस घरं, दुकान, पोस्ट, दवाखाना, न्हाव्याचं दुकान आणि एक गुरुद्वारा!

होय, गुरुद्वारा. कारण गिरणीत चिनी, जपानी आणि पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. तिथल्या कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत या शिखांना सरसकट 'हिंदू' म्हटलेलं दिसतं. भारतातून आला म्हणजे हिंदू, एवढाच हिशेब. गोऱ्या मजुरापेक्षा त्यांना पगार कमी मिळायचा, म्हणून तर मालकाला ते हवे होते.

पण बाहेरचं वातावरण तापत होतं. १९०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश कोलंबियाने भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. चिनी आणि जपान्यांचा तर आधीच गेला होता. त्याच सप्टेंबरमध्ये सीमेपलीकडच्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना मारून हाकलून लावलं. तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर हल्ला झाला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये सरकारने नियम काढला की स्वतःच्या देशातून कुठेही न थांबता थेट आलेल्यालाच कॅनडात उतरता येईल. भारतातून थेट जहाज जवळपास नव्हतंच. नियमात भारताचं नावही घेतलं नव्हतं आणि भारतीयांचा रस्ता बंद झाला होता.

मग फ्रेझर मिल्सच्या मालकांनी ठरवलं, गोरे मजूर आणायचे. पण गोरे मजूर युनियन करतात, संप करतात, जास्त पगार मागतात. त्यातल्या त्यात गुणी गोरे कुठे मिळतील? उत्तर होतं, क्वेबेक. लाकडाच्या कामात मुरलेले, देवभीरू कॅथलिक, बायकापोरांसकट येणारे आणि गरजू. पाद्रीबुवांनाही यात रस होता. पश्चिमेत फ्रेंच कॅथलिक वस्ती उभी राहणार होती ना! ओब्लेट पंथाचे फादर ओ'बॉइल माणसं जमवायला पूर्वेला गेले. १९०९ च्या सप्टेंबर अखेरीस ११० कामगारांची पहिली तुकडी रेल्वेने येऊन पोचली. जून १९१० मध्ये दुसरी आली.

आता जरा थांबून विचार करा. पूर्वेला ज्यांना 'चिनी' म्हणून हिणवलं, त्यांनाच पश्चिमेला चिन्यांच्या जागी बसवायला 'गोरे' म्हणून आणलं. माणसं तीच, भाषा तीच, गरिबीही तीच. रेल्वेने चार-साडेचार हजार किलोमीटर प्रवास केला आणि त्यांची जात बदलली!

या लोकांनी जे केलं ते मात्र खरंच मोठं होतं. गिरणीमागच्या टेकाडावर जंगल उभं होतं. दिवसभर गिरणीत राबायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या तुकड्यावरची झाडं तोडून, बुंधे उपटून घर बांधायचं. हप्त्याने जमीन मिळत होती, लाकूड गिरणीचंच. चर्च बांधलं, शाळा काढली. फ्रान्सहून आलेले तरुण पाद्री फादर एदमोन मायार यांच्या नावावरून गावाला मेलार्डव्हिल म्हणू लागले. मॅनिटोबाच्या पश्चिमेला एवढी मोठी फ्रेंच वस्ती दुसरी नव्हती.

आशियाई मजूर मात्र गेले नाहीत. मालकाला त्यांना पूर्ण घालवायचं नव्हतंच. गिरणीत दोन्ही प्रकारचे मजूर राहिले, वेगवेगळ्या पगारावर, वेगवेगळ्या वस्त्यांत. मालकाला याहून सोयीचं काय असणार? एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

हे वीस वर्षं चाललं. मग जागतिक मंदी आली. लाकडाचे भाव कोसळले आणि फ्रेझर मिल्सने पगार कापले, मग पुन्हा कापले. 'आपला गोरा माणूस' वगैरे काही मध्ये आलं नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये सहाशेच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यात फ्रेंच कॅनेडियनांबरोबर चिनी, जपानी आणि भारतीयही होते. ज्यांना हटवायला ज्यांना आणलं होतं, ते दोघे एकाच फाटकासमोर उभे! संपाचा एक पुढारी होता हॅरॉल्ड प्रिचेट. पुढे १९३७ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या लाकूड कामगारांची मोठी युनियन स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. पोलीस आणले गेले, पण संप दोन महिन्यांवर टिकला. सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, तरी पगारवाढ पदरात पडली.

याने वंशभेद संपला असं मी म्हणणार नाही. भारतीय आणि चिन्यांना मताचा हक्क परत मिळायला १९४७ उजाडलं, जपान्यांना १९४९. आणि मेलार्डव्हिलच्या लोकांनाही आपण किती 'आपले' आहोत ते कळायचं होतं. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या कॅथलिक शाळांसाठी सरकारी मदत मागितली. ती मिळेना, तेव्हा त्यांनी शाळा बंद केल्या आणि सगळी मुलं सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभी केली. घ्या, शिकवा! तरी सरकार हललं नाही. खासगी शाळांना मदत देण्याचा कायदा व्हायला १९७७ साल लागलं. मजूर म्हणून यांना रेल्वेत बसवून आणलं होतं, पण त्यांच्या पोरांच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा ते एक अल्पसंख्य जमात होते.

२००१ मध्ये गिरणी बंद पडली. मेलार्डव्हिल आज कॉक्विटलम शहराचा भाग आहे. दर वसंतात तिथे फ्रेंच गाण्यांचा उत्सव भरतो. त्याच्या नावातच 'लाकूड' आहे: फेस्तिव्हाल द्यु ब्वा.

त्या ११० जणांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही पोराबाळांना घेऊन त्या गाडीत चढलो असतो. आधीच्या पंजाबी मजुरालाही दोष देत नाही, तोही कर्ज काढून पोटासाठीच आला होता. मला एवढंच म्हणायचंय की आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात 'बाहेरच्यांवरून' भांडण पेटतं तेव्हा दोन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. यांना आणलं कोणी? आणि पगार कोण ठरवतं? फ्रेझर मिल्सच्या कामगारांना हे प्रश्न एकत्र विचारायला बावीस वर्षं लागली.